तारा एक, नावं दोन



खगोलशास्त्र हा शब्द कानावर पडला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मोठ्या दुर्बिणी, फळाभर गणितं आणि धूर सोडत वर जाणारे अग्निबाण उभे राहतात. मग वाटतं, हे आपलं काम नव्हे. मी स्वतः मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला माणूस. कविता लिहितो. गणिताशी माझा संबंध वाण्याच्या हिशेबापुरता. तरीही आकाशाची ओळख करून द्यायला आज आलो आहे, कारण ही ओळख करून घ्यायला पदवी लागत नाही. डोळे लागतात, थोडा धीर लागतो आणि तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे अंधार. पहिल्या दोन गोष्टी आपल्यापाशी आहेत. तिसरीबद्दल शेवटी बोलेन.

सुरुवात चंद्रापासून करावी, कारण तो शहरातूनही दिसतो. अमावास्येनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर पश्चिमेला पाहा. बारीक कोर दिसेल. आता हात लांब करून मूठ वळा. लांब केलेल्या हाताची मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते आणि करंगळी एक अंश. चंद्र मात्र अर्ध्याच अंशाचा, म्हणजे करंगळीमागे सहज लपतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहिलंत, तर चंद्र मूठभराहून थोडा जास्त पूर्वेकडे सरकलेला असेल आणि मावळेलही पाऊण-एक तास उशिरा. आठवड्यानं तो अर्धा होतो आणि पौर्णिमेला सूर्य मावळता मावळता पूर्वेला उगवतो. चंद्राची उजळलेली बाजू नेहमी सूर्याकडे असते, हे पंधरा दिवस पाहणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पंधरा दिवस, रोज पाच मिनिटं. खगोलशास्त्राचा पहिला धडा इथे संपतो.

आमच्या घरी हा धडा ईदच्या निमित्तानं होत असे. एकोणतिसावा रोजा सोडला की अब्बा आम्हा पोरांना घेऊन गच्चीवर जात. शेजारच्या गच्च्यांवरही माणसं उभी असत. सूर्य जिथे बुडाला त्याच्या आसपास सगळ्यांचे डोळे. कधी कोर दिसे, कधी नाही. का दिसत नाही, हे मला पुष्कळ उशिरा पुस्तकातून कळलं. अमावास्येच्या क्षणी चंद्र सूर्याच्या दिशेलाच असतो. तिथून तो पुरेसा बाजूला सरकेपर्यंत त्याची उजळलेली कड इतकी बारीक असते, की संधिप्रकाशात ती हरवून जाते. अमावास्या उलटून पंधरा तासही झाले नसतील, तर नुसत्या डोळ्यांनी कोर दिसणं जवळजवळ अशक्य. गच्चीवरची ती धडपड म्हणजे एक खरंखुरं निरीक्षणच होतं. फक्त आम्ही त्याला शास्त्र म्हणत नव्हतो.

या चंद्रावर दोन पंचांगं चालतात. एका चंद्रमासाचे साडेएकोणतीस दिवस. असे बारा महिने म्हणजे तीनशे चौपन्न दिवस. सूर्याचं वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. आपल्या मराठी पंचांगानं ती भरून काढायची ठरवली. साधारण तीन वर्षांनी एक अधिक महिना घालायचा, की श्रावण पावसाळ्यातच राहतो आणि दिवाळी थंडीच्या तोंडावरच येते. २०२३ साली श्रावण दोनदा आला तो यामुळे. हिजरी पंचांगानं ती तूट तशीच राहू दिली. म्हणून रमजान दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९८६ साली रमजान मे महिन्यात आला होता. मी तेव्हा शाळकरी वयाचा, उन्हाळ्याचे रोजे आणि माठातल्या पाण्याकडे जाणारी नजर मला आठवते. तोच मे महिन्यातला रमजान पुन्हा आला २०१९ साली, बरोबर तेहेतीस वर्षांनी. एक हिशेब चंद्राला सूर्याशी जोडून ठेवतो, दुसरा चंद्राला मोकळा सोडतो. घड्याळ मात्र दोघांचं एकच.

२३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, तेव्हा सगळा देश पडद्यासमोर बसला होता. तो दिवस शुद्ध सप्तमीचा होता. ज्यांच्या गावी ढग नव्हते, त्यांना बाहेर येऊन तोच चंद्र जवळजवळ अर्धा दिसला असता. ती तारीखही चंद्राच्या कलांशी बांधलेली होती. चंद्रावरचा एक दिवस म्हणजे आपले सुमारे चौदा दिवस. यानाला सूर्यप्रकाशावर वीज करायची होती, म्हणून जिथे उतरायचं तिथे नुकतंच उजाडलेलं असावं, असा मुहूर्त धरला होता. कोरीकडे बघत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट पटकन समजते.

आता ताऱ्यांकडे वळू. पहिला प्रश्न असतो, हा ग्रह की तारा? सोपी खूण अशी, की तारा लुकलुकतो, ग्रहाचा प्रकाश बहुधा स्थिर असतो. तारे इतके दूर आहेत, की कितीही मोठे असले तरी ते बिंदूसारखेच दिसतात आणि हवेची हालचाल त्या बिंदूला हलवते. ग्रह जवळ असल्यानं त्यांची छोटी चकती असते, ती सहजी डळमळत नाही. दुसरी खूण, ग्रह आकाशात कुठेही भेटत नाहीत; सूर्य आणि चंद्र ज्या वाटेनं जातात त्याच वाटेवर ते असतात. साधी द्विनेत्री दुर्बीण हातात आली, तर गुरूकडे रोखून बघा. हात न हलता धरलीत, तर त्याच्या आजूबाजूला एका ओळीत बारीक ठिपके दिसतील. हे गुरूचे चंद्र. १६१० साली गॅलिलिओनं हेच चार ठिपके पाहिले आणि सगळं काही पृथ्वीभोवती फिरतं, ही समजूत डळमळली.

मग दिशा पक्की करावी. उत्तरेकडे सप्तर्षी ओळखा. उन्हाळ्यात रात्रीच्या पहिल्या प्रहरी ते छान वर असतात. त्यांच्या चौकोनातले पुढचे दोन तारे, पुलह आणि क्रतू. पुलहापासून क्रतूकडे रेघ ओढून ती तशीच पाचपट पुढे नेली की ध्रुव भेटतो. ध्रुव फार तेजस्वी असेल ही अपेक्षा ठेवू नका, तो मध्यमच आहे. त्याचं मोल स्थिरतेत आहे. आणखी एक गंमत म्हणजे ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितके तुमच्या गावाचे अक्षांश. कोल्हापुरात तो साधारण सतरा अंशांवर, नागपुरात एकवीस. आपल्याकडे कुठूनही दीड-दोन मुठी. नकाशा न उघडता आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत हे कळतं.

सप्तर्षींच्या शेपटीकडचा मधला तारा वसिष्ठ. नीट पाहिलं तर त्याला बिलगून एक मंद तारा दिसतो, ती अरुंधती. लग्नात नव्या जोडप्याला अरुंधती दाखवायची रीत आपल्याला ठाऊक आहे. अरबांनी याच मंद ताऱ्याला ‘सुहा’ म्हटलं, म्हणजे दुर्लक्षित, विसरलेला. ते त्याचा उपयोग नजर तपासायला करत. सुहा दिसला तर डोळे चांगले. एका समाजानं त्या जोडीत संसार पाहिला, दुसऱ्यानं डोळ्यांची परीक्षा. तारे तेच.

इथे मला माझ्या आवडीच्या गोष्टीवर यायचं आहे. मी शब्दांचा माणूस. आकाशाकडे मला ताऱ्यांच्या नावांनी ओढलं. हिवाळ्यात रात्री नऊच्या सुमारास बाहेर या. पूर्वेकडून वर चढलेलं मृग नक्षत्र चुकणं शक्य नाही. चार कोपऱ्यांवर चार तारे आणि मध्ये एका रेघेत तीन, तो मृगाच्या पोटात रुतलेला बाण. बाणाची रेघ एका बाजूला वाढवली की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, व्याध. दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी आणि आणखी पुढे कृत्तिकांचा झुबका.

शेतकरी म्हणतात, जूनच्या सुरुवातीला मृग लागतो. मग मृग हिवाळ्यात कसा दिसतो? मृग लागला याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात आला. सूर्य जिथे असतो तिथले तारे दिवसा डोक्यावर असतात, म्हणून दिसत नाहीत. सहा महिन्यांनी सूर्य समोरच्या बाजूला गेला, की तेच नक्षत्र रात्रभर आपल्यासमोर असतं. पेरणीचं नक्षत्र डोळ्यांनी बघायचं तर रब्बीच्या हंगामात शेतावर झोपायला जावं.

आता नावं पाहा. कृत्तिकांना अरबीत सुरैया म्हणतात. मुसलमान घरात मुलीचं नाव सुरैया ठेवतात, हिंदू घरात कृत्तिका. दोघी एकच. रोहिणीला जगभरचे नकाशे अल्डेबरान म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘मागून येणारा’. कारण रोहिणी रोज सुरैयाच्या मागून उगवते. मृगातला तांबडा तारा, आपली आर्द्रा किंवा काक्षी, इंग्रजी नकाशात बीटलज्यूज झाला. मूळ अरबी नाव ‘यद अल-जौज़ा’, म्हणजे जौज़ाचा हात. लॅटिनमध्ये उतरवताना ‘य’च्या अक्षराखालचे दोन टिंब एक वाचले गेले, ‘य’चा ‘ब’ झाला आणि नकलनवीसाची ती चूक आजतागायत आकाशात लटकते आहे. मुद्रितशोधकांनी हे लक्षात ठेवावं. दक्षिणेकडच्या एका ताऱ्याला आपण मीनास्य म्हणतो, माशाचं तोंड. त्याचं अरबी नाव ‘फ़म अल-हूत’. अर्थ तोच, माशाचं तोंड.

आणि अगस्त्य. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास व्याधाच्या खाली, थेट दक्षिणेला, क्षितिजापासून दीड-दोन मुठींवर एक ठळक तारा दिसतो. लंडनच्या माणसाला तो घरून कधीच दिसत नाही; आपल्याला दिसतो. आपल्या जुन्या पुस्तकांत म्हटलं आहे, की पावसाळा ओसरताना पहाटे अगस्त्याचा उदय झाला की नद्यांचं गढूळ पाणी निवळू लागतं. अरबस्तानात याच ताऱ्याचं नाव सुहैल. ऑगस्ट सरता सरता तो पहाटे दिसू लागला की वाळवंटातला माणूस म्हणतो, आता उन्हाची धग उतरेल. एकाला पाणी निवळल्याचा निरोप, दुसऱ्याला ऊन निवळल्याचा.

ही नावं एकमेकांना न भेटता आपापल्या जागी पडून राहिली असं नाही. आठव्या शतकात ब्रह्मगुप्ताचं ज्योतिषगणित बगदादला पोहोचलं आणि तिथे त्याचं अरबी रूप झालं. अकबराच्या सांगण्यावरून १५८७ साली फैजीनं भास्कराचार्यांची ‘लीलावती’ फारसीत आणली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं काढलेल्या मठाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याचा. अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगानं जंतरमंतर उभारलं, तेव्हा त्याच्यासमोर समरकंदच्या उलूग बेगची कोष्टकं होती. आकाशाचं ज्ञान असं हातोहात आलं आहे. कुणी एकानं त्यावर मालकी सांगावी, असं त्यात काही उरलेलं नाही.

अंतरांविषयी बोललं पाहिजे, कारण तिथेच माणूस घाबरतो. आकडे लक्षात ठेवू नका, काळ लक्षात ठेवा. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. चंद्रावरून तो आपल्याकडे सव्वा सेकंदात येतो, सूर्यावरून सव्वाआठ मिनिटांत. व्याधाकडून यायला साडेआठ वर्षं लागतात; म्हणजे आज पहिलीत गेलेल्या मुलाला दिसणारा व्याधाचा प्रकाश त्याच्या जन्माच्याही आधी निघालेला. रोहिणीचा आज दिसणारा प्रकाश पासष्टेक वर्षांपूर्वीचा, महाराष्ट्र राज्य स्थापन झालं त्या सुमाराचा. कृत्तिकांचा सुमारे चारशे चाळीस वर्षांपूर्वीचा, म्हणजे फैजी ‘लीलावती’ फारसीत उतरवत होता जवळपास त्या काळातला. आकाशात पाहणं म्हणजे मागे पाहणं आहे.

नुसत्या डोळ्यांनी किती मागे जाता येतं? हिवाळ्याच्या सुरुवातीला देवयानी नक्षत्रात, खऱ्या अंधारात, एक पुसट डाग दिसतो. इसवी सन ९६४च्या सुमारास इराणात अब्द अल-रहमान अल-सूफ़ी यांनी ताऱ्यांवरचं आपलं पुस्तक लिहिलं. त्यात या डागाची ‘छोटा ढग’ अशी नोंद आहे. दुर्बीण अजून सहाशे वर्षं दूर होती. तो ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची दुसरी दीर्घिका, हे विसाव्या शतकात नक्की झालं. तिचा प्रकाश पंचवीस लाख वर्षं प्रवास करून येतो. एका माणसानं फक्त नीट पाहिलं आणि पाहिलं ते लिहून ठेवलं. निरीक्षक व्हायला एवढंच लागतं. आजच्या नवशिक्यानंही एक वही घालावी. तारीख, वेळ, काय दिसलं.

मी हे रेडिओवर बोलतो आहे, म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. आकाशातून केवळ उजेड येत नाही, रेडिओलहरीही येतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे त्या ऐकायला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या या तबकड्या मिळून एकच कान होतात. तो आवाज इतका क्षीण असतो, की आसपासच्या यंत्रांचा रेडिओगोंगाट शक्य तितका कमी ठेवावा लागतो. ऐकायला शांतता लागते, तसा पाहायला अंधार लागतो. म्हणून आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे येतो.

अंधाराचं कौतुक मी सांभाळून करतो. कंदिलाच्या काचेवरची काजळी पुसून अभ्यास केलेल्यांपैकी मी आहे. भारनियमनात पिकाला पाणी द्यायला रात्री दोन वाजता विहिरीवर जाणाऱ्या शेतकऱ्याला कुणी अंधाराची महती सांगू नये. उशिरा घरी परतणाऱ्या बाईला रस्त्यावर दिवा हवाच. पण रस्त्यासाठी लावलेल्या दिव्याचा उजेड आभाळात कशाला जायला हवा? टोपी नसलेला दिवा आपण भरलेल्या बिलातला काही हिस्सा सरळ ढगांना देतो. तो उजेड धुळीवर पसरतो आणि तारे त्यात विरून जातात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशाप्रमाणे जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त माणसांना त्यांच्या घरून आकाशगंगा दिसत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर अंड्यातून निघालेली कासवाची पिल्लं उजळ दिशेला समुद्र समजून चालू लागतात. किनाऱ्यावर दिवे झगझगत असले की ती उलट्या बाजूला जातात. चुकीचा उजेड वाट चुकवतो, हे त्या पिल्लांच्या बाबतीत अगदी शब्दशः खरं आहे.

कवी म्हणून मला यात आणखी एक नुकसान दिसतं. आकाशगंगा हा शब्द आपल्याकडे आहे. उर्दूत कहकशां. तो फारसीतून आला आणि त्यात गवताची काडी ओढत नेण्याची कल्पना आहे; गाडीतून पेंढा सांडत गेल्यावर वाटेवर पांढरट पट्टा उमटावा तसा. गंगा म्हणणाऱ्यानं आणि पेंढा म्हणणाऱ्यानं, दोघांनी तो पट्टा पाहिला होता. म्हणून शब्द घडले. आज शहरातलं मूल हे दोन्ही शब्द शिकतं आणि पट्टा पाहत नाही. पाहिलेल्या गोष्टीचा शब्द आणि फक्त ऐकलेला शब्द यांत फरक असतो. एका पिढीत हा फरक पडला आहे.

तरी हे नुकसान भरून येणारं आहे. नदी स्वच्छ करायला वर्षं लागतात, आकाश स्वच्छ करायला बटण पुरतं. जानेवारी २०२४मध्ये आपल्याच विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या काही गावांनी अंधारात राहायचं ठरवलं नाही. शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला, एवढंच. आपल्या गल्लीत, सोसायटीत, देवळाच्या आणि मशिदीच्या आवारात हे करता येईल. दिव्याला टोपी घाला, गरजेपुरता पिवळसर दिवा लावा, माणसं झोपल्यावर शोभेचे दिवे बंद करा.

ज्यांना पुढे शिकायचं आहे त्यांना सोबतही मिळेल. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून हौशी माणसांना आकाश दाखवते आहे. डॉ. जयंत नारळीकर २०२५ साली गेले, पण त्यांचं ‘आकाशाशी जडले नाते’ वाचायला मराठी येणं पुरेसं आहे. दुर्बीण विकत घ्यायची घाई मात्र करू नका. आधी एक वर्ष डोळ्यांनी पाहा. प्रत्येक ऋतूतली चार-पाच नक्षत्रं ओळखीची झाली, की दुर्बीण कुठे रोखायची ते तुम्हालाच कळेल.

१९८६ साली हॅलेचा धूमकेतू येऊन गेला. गावाबाहेरच्या माळावरून मला तो कापसाच्या पुसट बोंडासारखा दिसला होता. तो आता २०६१ साली परत येईल, जुलैच्या अखेरीस सूर्याजवळून जाईल आणि जाणकार म्हणतात, की त्या वेळी तो १९८६पेक्षा उजळ दिसेल. आपल्याकडे ऐन पावसाळा, म्हणजे ढगांची धास्ती आहेच. ढग कुणाच्या हातात नाहीत, दिवे आहेत. मी तेव्हा नसेन, तुमची नातवंडं असतील. ती गच्चीवर चढतील तेव्हा त्यांना धूमकेतू ओळखता यावा, तर आजूबाजूचे तारे आधी ठाऊक असायला हवेत. ते तारे त्यांना आपणच दाखवायचे आहेत. आज जेवण झाल्यावर गच्चीतला दिवा मालवा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं द्या आणि एक तारा दाखवा. नाव तुमच्या घरात चालतं तेच सांगा. शेजारच्या घरात त्याला काय म्हणतात, तेही जाता जाता सांगा.

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)